आईचा निळा ठिपका

आमच्या घरात सोल्डर गन आईची होती. वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते खरे, पण स्टोअरमध्ये. घरातला फ्यूज गेला की ते आधी आईला हाक मारायचे आणि मग मेणबत्ती शोधायला लागायचे. आई नगर रस्त्यावरच्या एका टीव्हीच्या कारखान्यात चौदा वर्षं लाइनवर बसली. पट्ट्यावरून बोर्ड सरकत यायचा, त्यात आपल्या वाटणीचे सुटे भाग खोचायचे, प्रत्येक पायावर वितळलेल्या कथलाचा, म्हणजे सोल्डरचा थेंब देऊन तो पक्का करायचा आणि बोर्ड पुढच्या बाईकडे ढकलायचा. लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. साहेबांचं म्हणणं होतं की बायकांची बोटं बारीक असतात. आईचं म्हणणं होतं की बायका चहाला उठत नाहीत.

प्रत्येक बाईला एक रंग दिलेला असे. आपले जॉइंट झाले, स्वतः तपासून झाले, की काडेपेटीची काडी रंगात बुडवून बोर्डाच्या कडेला ठिपका द्यायचा. आईचा रंग निळा. कारखान्यातून टीव्ही बाहेर पडेपर्यंत त्याच्या पोटात असे सहा ठिपके झालेले असत, आणि तो बिघडून परत आला तर कुणाचं काम कच्चं राहिलं हे मागचं झाकण उघडल्याबरोबर कळायचं. या ठिपक्याचा एकच नियम होता. दुसरीचा ठिपका कुणी लावायचा नाही. एकदा एका बाईचं मूल तापलं होतं, तिला लवकर घरी जायचं होतं, म्हणून शेजारणीने तिचे राहिलेले जॉइंट केले आणि तिचाच लाल ठिपका देऊन टाकला. चांगल्या मनाने केलं होतं. तरी बाकीच्या चौघी त्या शेजारणीशी महिनाभर बोलल्या नाहीत. मी लहान असताना ही गोष्ट ऐकून आईला विचारलं होतं, की त्यात एवढं काय झालं? आई म्हणाली, "जॉइंट बिघडला असता तर नाव तिचं लागलं असतं, जिने हात लावलाच नाही."

पुढे परदेशी कंपन्यांचे टीव्ही आले. आधी कारखान्यातला ओव्हरटाइम गेला, मग दुसरी पाळी गेली, मग फाटकाला कुलूप लागलं. आम्हीही घरी परदेशी टीव्ही घेतला आणि तो आईनेच पसंत केला. दुकानात ती टीव्हीच्या मागे जाऊन जाळीला डोळा लावून आत बघत होती. दुकानदाराला वाटलं, बाईंना टीव्ही कुठल्या बाजूने बघतात ते ठाऊक नाही. "सगळं मशीनने केलंय," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "छान केलंय." तिच्या तोंडून 'छान' इतक्या कोरडेपणाने आलेलं मी पुन्हा फारसं ऐकलं नाही.

ज्या वाऱ्याने तिचा कारखाना गेला त्याच वाऱ्याने मला नोकरी दिली. मी सॉफ्टवेअरमध्ये लागलो. वडील गेले, क्वार्टर सुटलं आणि आम्ही दोघं धायरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. हाताशी पैसा आला तसा माणसाला छंद सुचतो, तसा मलाही सुचला. रविवारी जुन्या बाजारात जायचं आणि जुनी हातातली गेमची यंत्रं शोधायची. साबणाच्या मोठ्या वडीएवढं करडं यंत्र, हिरवट पडदा, चार बटणं, मागे खोचायचं काडतुसासारखं कार्ट्रिज. क्वार्टरमध्ये शेजारच्या मुलाकडे त्याच्या दुबईच्या मामाने आणलेलं असं एक होतं आणि आम्हाला ते फक्त बघायची परवानगी होती. तिशी गाठल्यावर मी त्याचा सूड घेत होतो. माझ्याकडे तशी सहा झाली.

नुसती जमवून भागेना. जगभर काही वेडे लोक या मेलेल्या यंत्रांसाठी घरबसल्या नवीन गेम लिहितात. त्याला होमब्रू म्हणतात. घरी गाळलेल्या दारूलाही हाच शब्द आहे, त्यामुळे तो मी आईला सांगितला नाही. मीही एक गेम लिहिला. स्वारगेटहून धायरीपर्यंत स्कूटर न्यायची. वाटेत खड्डे, म्हशी आणि भर रस्त्यात थांबणारी पीएमटी. शेवटी घर आलं की पडद्यावर अक्षरं उमटायची: 'पोचलात. नेहमीप्रमाणे उशिरा.'

खऱ्या यंत्रावर हा गेम खेळायचा तर कार्ट्रिज बनवायला हवं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून मी कोरे बोर्ड करून आणले, वर एक मेमरीची चिप आणि चार-दोन सुटे भाग बसवायचे होते. पहिला बोर्ड मी स्वतः केला. आई मागे येऊन उभी राहिली.

"साबुदाणा जास्त भिजला वाटतं," ती म्हणाली.

माझे जॉइंट खरंच तसेच दिसत होते, गोळे होऊन एकमेकांना चिकटलेले. ती आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तिची गन, सोल्डर नीट धरावं म्हणून लागणाऱ्या राळेची डबी, बारीक पक्कड आणि निळ्या रंगाची छोटी डबी होती. कारखाना बंद झाल्याला दहा वर्षं झाली होती, पण रंग वाळलेला नव्हता. ती मधूनमधून त्यात टर्पेंटाइन घालत असणार. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तिचं काम बघणं हे एक सुख होतं. सकाळी पूजा आटोपली की ती गॅलरीत उजेडाला बसायची. गन टेकवली, सोल्डरची तार लावली, दोन्ही उचललं. तेवढ्यात राळेचा धूर वर जायचा आणि खाली चकचकीत, मध्ये उंच आणि कडेला उतरता असा थेंब उरायचा. असे बत्तीस. मग भिंग घेऊन तपासायची, मग काडी, मग ठिपका.

"हे कुणाला विकणार?" तिने विचारलं.

"विकायचे नाहीत गं. हौस म्हणून."

"म्हणजे कोटा नाही," ती म्हणाली आणि दुसरा बोर्ड पुढे ओढला.

हळूहळू सोसायटीला कळलं. कुणाचा रिमोट, कुणाची बेल, देवापुढची दिव्यांची माळ, वॉचमनची बॅटरी, असं काहीबाही आमच्या दाराशी यायला लागलं. वॉचमन तिला मॅडम म्हणायचा. कारखान्यात तिला चौदा वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिची चाल बदलली होती, हे मला आत्ता जाणवतं. तेव्हा मी फक्त एवढंच बघत होतो की माझे बोर्ड सुंदर होताहेत.

आम्ही सात-आठ छंदी लोक रविवारी कोथरूडला एकाच्या घरी जमायचो. त्यांच्यासाठी मी स्कूटरच्या गेमची सात कार्ट्रिजं केली, म्हणजे आईने केली. आठ दिवसांत त्यातल्या एका मित्राचा फोन आला. गेम कॅनॉलच्या पुलापाशी अडकतो. कधी पडद्यावर नुसती रांगोळी दिसते, कधी व्यवस्थित चालतो. दुसऱ्याचीही तीच तक्रार. मी घरी कॉम्प्युटरवर गेम पन्नास वेळा चालवून बघितला. कॉम्प्युटरवर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो, आम्ही सगळं आधी त्यावर तपासतो. तिथे एकदाही अडकला नाही. माझ्याकडे चालतंय, म्हणजे कोडमध्ये काही नाही. हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून दोनदा म्हणत असे आणि मला त्याचा पगार मिळत असे.

त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं होतं. अजून पिकलेला नाही, थांबू या, म्हणाले होते. झालं. मला हवं ते कारण आयतं मिळालं. कधी चालणं, कधी न चालणं हे कच्च्या जॉइंटचंच लक्षण. रविवारी मी सातही कार्ट्रिजं परत मागून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काय आहे, आईला आता नीट दिसत नाही. मनाला लावून घेईल म्हणून मी काही बोलत नाही." आणि थोडा हसलो. समजूतदार मुलगा हसतो तसा. ते हसू आठवलं की आजही मला माझं तोंड बघवत नाही.

आई दोन दिवसांसाठी लोणी काळभोरला मावशीकडे सत्यनारायणाला गेली होती. शनिवारी सकाळी मी सातही बोर्ड उघडले, तिचं सोल्डर उकरून काढलं आणि सगळे जॉइंट नव्याने केले. एव्हाना माझा हात बऱ्यापैकी बसला होता, तिच्याच शेजारी बसून. फक्त माझी तार वेगळी होती. आईची तार जुनी, कथील आणि शिशाची. शिसं तब्येतीला वाईट म्हणून मी स्वतःसाठी बिनशिशाची तार आणली होती. या नव्या तारेचा एक स्वभाव आहे. जॉइंट कितीही पक्का झाला तरी तो थंड झाल्यावर मंद, खरखरीत दिसतो. जुन्या तारेचा जॉइंट तसा दिसला तर तो कच्चा समजायचा. मला हे ठाऊक होतं. आईला नव्हतं, कारण तिच्या कारखान्यात ती तार कधी आलीच नव्हती.

काम झाल्यावर बोर्ड स्पिरिटने पुसले. काळपट राळ निघाली आणि तिच्याबरोबर निळे ठिपकेही पुसट झाले. दोन तर पार गेले.

आता ठिपक्याशिवाय बोर्ड आईला दिसले असते तर मला सांगावं लागलं असतं. मी तिचा डबा उघडला, काडेपेटीतली काडी घेतली आणि सात ठिपके दिले. तिच्यासारखेच, उजव्या कोपऱ्यात, कडेपासून तांदळाएवढं अंतर सोडून. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. उलट हुबेहूब जमलं म्हणून बरंच वाटलं.

गेम तरीही पुलापाशी अडकतच होता.

रविवारी दुपारी आई परत आली. प्रसादाचा डबा ठेवला, पाय धुतले आणि गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यासारखा मी बसलो होतो तिथे आली. बोर्ड टेबलावर उघडेच होते. तिने एक उचलला, उजेडाकडे धरला. मग भिंग मागितलं. मग दुसरा, तिसरा, असे सातही. नखाने एका जॉइंटवर हळूच खरवडलं. खाली ठेवताना तिने प्रत्येक बोर्डाचा ठिपका एकेकदा पाहिला.

"हे माझे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

बस, एवढंच. नाही म्हणायला तेवढाच वेळ लागला असता. पण 'नाही' नंतर बरंच बोलावं लागलं असतं आणि 'हो' नंतर काहीच नाही, म्हणून मी हो म्हणालो.

"राखेसारखे झालेत," ती म्हणाली. मग गनचं टोक ओल्या फडक्याने पुसलं, वायर गुंडाळली आणि सगळं डब्यात ठेवून डबा माळ्यावर टाकायला माझ्याकडे दिला. मी तो टाकला. तिला विचारलंही, की का गं? ती म्हणाली, "पुरे आता. लोकांच्या वस्तू खराब करायच्या म्हणजे काय."

मला गेममधली चूक सापडली ती त्यानंतर नऊ दिवसांनी. ते करडं यंत्र सुरू होतं तेव्हा त्याच्या मेमरीत आधीचा काहीबाही कचरा असतो, तो गेमने सुरुवातीला पुसायचा असतो. कॉम्प्युटरवरची नक्कल आपणहून सगळं पुसून देते. मी पुसायला विसरलो होतो. एक ओळ. ती लिहिली आणि सातही कार्ट्रिजं पुलावरून बिनबोभाट घरी पोचली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला फार सहज म्हणतो. मी तर आईने सारवलेलं अंगण उकरून काढलं होतं.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी ठरवलंही. पण ती म्हणेल, ठिपका कुणी लावला? याचं उत्तर मला तोंडातल्या तोंडातही देता येईना. मग ठरवलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. उगाच टेन्शन नको. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे छान झाले. पट्टी निघाल्यावर घरी आली आणि पंख्याकडे बघून म्हणाली, "आपण इतकी वर्षं या पंख्याखाली जेवत होतो?" मी लगेच माळ्यावरून डबा काढला. म्हटलं, आई, एक बोर्ड करतेस का?

"डोळा नवा बसवलाय," ती म्हणाली. "हात तोच आहे."

तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. मी डबा परत माळ्यावर ठेवला.

पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की ती विसरली. ती दिसायची तर आनंदात. सकाळी देवळात जायची, दुपारी मालिका बघायची, त्यातल्या सासवांना शिव्या द्यायची. दारावर कुणी रिमोट घेऊन आलं तर म्हणायची, "आता नाही हो होत माझ्याच्याने. सिंहगड रोडला दुकान आहे बघा." लोक थोडे दिवस आले, मग यायचे थांबले. वॉचमन बदलला. नवा तिला आजी म्हणायला लागला. मी बोर्ड करणं सोडलं नव्हतं, फक्त आता गॅलरीत करत नसे. आत, माझ्या खोलीत, दार लोटून. राळेचा वास दाराखालून बाहेर जायचाच. ती कधी आत आली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटायचं की ती दाराबाहेर उभी आहे. उघडून बघितलं तर ती स्वयंपाकघरात भाजी निवडत असायची.

अशी चार वर्षं गेली.

दिवाळीच्या फराळाच्या वेळी तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. आधी आम्ही हसलो. संक्रांतीपर्यंत उजवा हात मांडीवर ठेवला तरी बोटं आपली आपण हलायला लागली, तीळ चोळत असल्यासारखी. तिला डॉक्टरांकडे नेलं. मज्जासंस्थेचे डॉक्टर, शांत, तरुण, समोर कागद घेऊन बसलेले. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. मग विचारलं, "काकू, हाताचा हा त्रास कधीपासून?"

आई खुर्चीत सरळ झाली.

"चार वर्षं झाली, डॉक्टर," ती म्हणाली. "मी सोल्डरिंग करायचे. कारखान्यात होते. एक दिवस बघते तर माझे सात बोर्ड, सगळे जॉइंट कच्चे. मला वाटलं डोळे. पण डोळे तर नंतर चांगले झाले. म्हणजे तो हातच होता. बाहेरून दिसत नव्हता, पण तेव्हाच सुरू झालं होतं. मी तेव्हापासून काम बंदच केलं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "चार वर्षं," ते म्हणाले, "म्हणजे बराच जुना आहे. मग आपल्याला औषधाचा विचार जरा वेगळा करावा लागेल."

त्यांचं पेन कागदावर चालत होतं. मला माझा आवाज ऐकू आला.

"नाही डॉक्टर. ते जॉइंट माझे होते."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. गेमपासून सुरुवात केली, मग तार, मग मोतीबिंदू, मग पुन्हा गेम. डॉक्टरांना त्यातलं फार कळलं नसणार. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे चार वर्षांपूर्वी हाताला काही नव्हतं?"

"काही नव्हतं. कप वाजायला लागला तो दिवाळीला."

त्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली नवीन ओळ लिहिली.

आई माझ्याकडे बघत होती. "ठिपका?" तिने विचारलं.

"मी लावला."

डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या, तिने मान हलवली. आम्ही बाहेर आलो. मी रिक्षा बघायला रस्त्यावर जाणार तोच तिने मला थांबवलं आणि फाटकाजवळच्या बाकावर बसली. मीही बसलो. तिने उजवा हात डाव्या हातात धरला होता. धरूनही तो हलत होता. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि त्याची मी चार वर्षं तयारी केली होती. कारखान्यातल्या त्या बायकांसारखी ती महिनाभर बोलली नसती तर मला सुटल्यासारखंच झालं असतं.

"म्हणजे चार वर्षं हा चांगला होता," ती म्हणाली.

"हो."

ती हाताकडे बघत राहिली.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी आपली त्याला शिव्या देत बसले."